आग्रहाची प्रार्थना आणि ख्रिस्तसभेची जागृती
(रावेत येथे धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा असे प्रथम मनात आले. परंतु तो इतिहास आम्हांपेक्षा अधिक जाणणारी वडील मंडळी समोर बसली आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी तो स्वतःच्या हातांनी घडविला आहे. त्यांच्यापुढे आम्ही तो वाचून दाखवावा हे शोभणार नाही. यास्तव आम्ही निराळा विषय घेतला आहे. ख्रिस्तसभेत वेळोवेळी जी जागृती होते, मरगळलेल्या श्रद्धेस जी नवी पालवी फुटते, तिच्या मुळाशी काय असते? पुष्कळांस वाटते की मोठा वक्ता लागतो, मोठा मंडप लागतो, वर्गणी लागते. या गोष्टी आम्ही त्याज्य मानीत नाही. आजचा हा मंडपही वर्गणीनेच उभा राहिला आहे. तथापि ज्या ज्या जागृतीची खरी हकीकत आम्हांस वाचावयास मिळाली, तिच्या आधी कोणीतरी पुष्कळ दिवस, काहीही फळ दिसत नसता, प्रार्थना करीत बसलेले आढळले.

हे विधान आपण सर्वांनी शंभर वेळा ऐकलेले आहे. इतके ऐकलेले आहे की त्याच्या कडा झिजून ते गुळगुळीत झाले आहे आणि आता ते हातात धरवत नाही. म्हणून आज ते तत्त्वाने न सांगता काही माणसांच्या हकीकतींनी सांगावे असा विचार आहे.

आपण रावेतला राहतो. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत आपल्या या बंधाऱ्यापर्यंत येते. येथे ते उपसले जाते, निगडीस नेऊन शुद्ध केले जाते आणि मग पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांत पोहोचते. उपसा रात्रंदिवस चालू असतो. सकाळी नळाला पाणी आले म्हणजे कोणाला रावेत आठवते? एक दिवस उपसा बंद राहिला म्हणजे मात्र साऱ्या शहराला आठवते. प्रार्थना करणाऱ्या माणसांचे काहीसे असेच असते, एवढेच म्हणून आम्ही पुढे जातो.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगाव म्हणून स्टेशन आहे. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. ती संस्था कॅथलिक नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला, आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत फारशा बसल्या नाहीत. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधुभगिनींमध्ये पवित्र आत्मा जे कार्य करतो ते आपणही मान्य करावे, त्यापासून आपलीही उन्नती होते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तैक्याविषयीच्या आज्ञापत्रात सांगितले आहे. तेव्हा केडगावाकडे पाहण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. खरे म्हटले तर इतक्या जवळचे उदाहरण सोडून परदेशची उदाहरणे शोधीत बसणे हेच संकोचाचे आहे.

रमाबाईंस चिकाटीने प्रार्थना करणे म्हणजे काय, हे ख्रिस्ती होण्यापूर्वीच ठाऊक होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे क्षेत्रोक्षेत्री पायी हिंडत, पुराणे सांगत, व्रते व उपवास करीत. 1870 नंतरच्या दुष्काळात हे कुटुंब अन्नान्न झाले. वडील, आई व थोरली बहीण अशी एकामागून एक गेली. पुढे 1880 साली भाऊ गेला, आणि 1882 साली, लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नसता, पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा राहिली. ज्या बाईने देवापुढे आयुष्य घालविलेली माणसे अशी उपाशी मरताना पाहिली, तिला कोणी सांगितले असते की मागा म्हणजे लगेच मिळेल, तर तिने त्यावर विश्वास ठेवला नसता. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. रमाबाईंची पुढील प्रार्थना ही भोळ्या, न पोळलेल्या माणसाची प्रार्थना नव्हती.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचा कहर चालू होता, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय करावी लागली. मुक्तिसदन उभे राहिले ते असे. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. त्यांना अन्नवस्त्र मिळाले, अक्षरे मिळाली, विणकाम, शेती, छापखाना असे उद्योग मिळाले. बाप्तिस्माही पुष्कळींनी घेतला. बाहेरच्या माणसास वाटले असते की, आता आणखी काय हवे? रमाबाईंस तसे वाटले नाही. पोट भरले, नाव ख्रिस्ती झाले, पण अंतःकरण जागे झाले काय, हा प्रश्न त्यांना सोडीना.

1904 साली वेल्स देशात मोठी धर्मजागृती सुरू झाल्याची वार्ता हिंदुस्थानात पोहोचली. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी आश्रमातील स्त्रियांपुढे आपल्या मनातील गोष्ट मांडली आणि रोज एकत्र जमून केवळ याच हेतूने प्रार्थना करण्यास कोण तयार आहे, असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे साडेपाचशे झाली, आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या.

येथे आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. केडगावची हकीकत सांगणारे बहुतेक लेखक जानेवारीवरून एकदम जूनवर उडी घेतात. मधल्या महिन्यांत सांगण्यासारखे काही नाही, हे खरेच आहे. पण त्या महिन्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. दुष्काळातून उचलून आणलेल्या या मुली. दळणकांडण, स्वयंपाक, माग, शेतातील काम, लहानग्यांना न्हाऊमाखू घालणे, शाळा. त्यातून वेळ काढून जमावयाचे आणि तेच मागणे पुन्हा मागावयाचे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. केडगावकडचा वैशाख कसा असतो हे दौंड-बारामतीच्या मंडळीस सांगावयास नको. काही घडले नाही. तरी बसणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली. आपल्या धर्मग्रामातील कोणतीही प्रार्थनासभा पाच महिन्यांत सत्तरावरून साडेपाचशेवर गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सत्तरावरून सातावर आलेल्या मात्र आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्या सातांत आम्हीही नव्हतो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पुढे 29 जूनच्या रात्री, पहाटेच्या सुमारास, एका तरुणीस आपल्या अंगी अग्नी पेटल्यासारखा अनुभव आला. तिच्याबरोबरची बाई घाबरून पाण्याची बादली आणावयास धावली. आता ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की, पोरीच्या अंगाला कोठेच आग लागलेली नाही. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाई तेव्हा केडगावी होत्या. त्यांनी 1906 साली एका पुस्तिकेत ही हकीकत लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी सायंप्रार्थनेच्या वेळी सर्व समुदायच पश्चात्तापाने हेलावून गेला. मुली मोठ्याने रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या. शाळेचे व कामाचे वेळापत्रक बाजूस ठेवावे लागले. त्यानंतर या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावी प्रार्थनेसाठी व सुवार्तेसाठी जाऊ लागल्या. अब्राम्सबाईंची पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिली देशातील एका मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि 1909 साली तेथे झालेल्या जागृतीस ती एक निमित्त झाली. केडगावच्या माळावरची ठिणगी कोठवर गेली पाहा.

रडणे, थरथरणे, निरनिराळ्या भाषा बोलणे, या बाह्य प्रकारांविषयी आपल्या ख्रिस्तसभेने नेहमीच सावधपणा ठेवला आहे आणि तो योग्यच आहे. भावनेचा पूर येतो तसा ओसरतो. झाडाची पारख फळावरून करावी हा प्रभूनेच घालून दिलेला दंडक आहे. आम्ही स्वतः 29 जूनच्या त्या एका रात्रीपेक्षा तिच्या आधीच्या सुमारे दीडशे सकाळींकडे अधिक आदराने पाहतो. आणि त्यानंतरच्या सतरा वर्षांकडेही. या काळात रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. कान कमी ऐकू लागले होते, शरीर थकले होते. 1921 च्या जुलैत एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सारे कार्य सोपवावयाचे, ती त्यांच्या आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रितांवर बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. ज्या स्त्रीची प्रार्थना 1905 साली साऱ्या जगाने ऐकली, त्या स्त्रीला 1921 साली कन्येचा मृत्यू चुकला नाही. हे दोन्ही प्रसंग जो एकत्र सांगत नाही, त्याने केडगावची हकीकत अर्धीच सांगितली.

कोणी म्हणेल, हे सर्व प्रॉटेस्टंट मंडळींचे झाले; आपल्याकडे काय? आपल्याकडे तर ही परंपरा प्रेषितांपासूनची आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरिया व प्रेषित माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले, ते नऊ दिवस म्हणजेच पहिली नोव्हेना. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पवित्र आत्म्याची ही भक्ती फार क्षीण झाली होती. इटलीत लुक्का नगरात एलेना गुएर्रा नावाच्या धर्मभगिनी होत्या. त्यांनी 1895 पासून पोप तेरावे लिओ यांस पत्रांमागून पत्रे लिहिली की, साऱ्या ख्रिस्तसभेस पवित्र आत्म्याकडे पुन्हा वळवा. कोठे एक साधी धर्मभगिनी, कोठे परमगुरुस्वामी! तरी 1897 साली लिओ महाराजांनी पवित्र आत्म्याविषयी परिपत्र काढले आणि पेन्टेकॉस्टपूर्वीची नऊ दिवसांची प्रार्थना सर्व धर्मग्रामांत करावी असे ठरवून दिले. म्हणजे ज्या वर्षी रमाबाई दुष्काळातील मुली गोळा करीत होत्या, त्याच वर्षी रोममध्ये ही आज्ञा निघाली. एकीला दुसरीची ओळख असण्याचे काहीच कारण नव्हते. त्या आज्ञेचे पालन त्या काळी फार उत्साहाने झाले असे म्हणवत नाही. एलेना 1914 साली वारल्या. त्यांना संतपद मिळाले ते 2024 च्या ऑक्टोबरात. इतका उशीर देवाघरी चालतो.

आणि आमच्या मनात याहूनही जवळचे एक उदाहरण आहे. गोव्यात बाणावली येथे 1651 साली जन्मलेले संत जोसेफ वाझ. 1658 साली डच लोकांनी जाफना घेतले आणि सिंहलद्वीपातील कॅथलिक धर्मावर बंदी आली. धर्मगुरू गेले, देवळे गेली, मिस्साबली बंद झाला. 1687 साली फादर वाझ मजुराच्या वेषात तेथे उतरले, ते आजाराने मरणोन्मुख होऊन. बरे झाल्यावर त्यांनी काय केले? गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. जपमाळ पाहून ज्यांचे डोळे चमकले, ती घरे त्यांनी ओळखून ठेवली. बंधुजनहो, एकोणतीस वर्षे झाली होती. ज्यांनी शेवटचा मिस्साबली पाहिला, त्यांची मुले मोठी होऊन त्यांना मुले झाली होती. धर्मगुरू नाही, देऊळ नाही, पकडले गेल्यास शिक्षा. अशा स्थितीत बंद दारांआड ज्या आयांनी आपल्या मुलांना जपमाळेची ओळख करून दिली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. फादर वाझ यांनी पुढे 1711 साली कँडीस देह ठेवीपर्यंत तेथे जे अफाट कार्य केले, त्याविषयी ग्रंथ आहेत. 2015 साली कोलंबोस पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. पण त्या मातांनी ठिणगी राखेखाली जपून ठेवली नसती, तर संत जोसेफ वाझ यांनी फुंकर कशावर घातली असती?

आता मूळ शंका. देव आपला पिता आहे आणि आपली गरज त्याला न सांगता कळते, तर मग पुन्हा पुन्हा मागावयाचे कशास? संत लूकाच्या शुभवर्तमानातील विधवा अन्यायी न्यायाधीशास छळछळून न्याय मिळविते; परंतु देव काही अन्यायी न्यायाधीश नव्हे, हे सांगण्यासाठीच तर प्रभूने तो दृष्टांत दिला. संत ऑगस्टीन यांस प्रोबा नावाच्या एका विधवेने प्रार्थनेविषयी विचारले होते. त्यांनी पत्रात जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, मागण्याने देवाला काही नवे कळत नाही. मागता मागता आपली इच्छा मोठी होते आणि तो जे देणार आहे ते घेण्यास आपण समर्थ होतो. ऑगस्टीन यांस हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांच्या आईने, संत मोनिका यांनी, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले होते. 387 साली मिलानमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी मोनिका वारल्या.

आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगतो, मग आपला अधिक वेळ घेत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही याच भागात एका चाळीत राहत होतो. शेजारी नगर जिल्ह्यातून आलेल्या एक आजी राहत. त्यांचा मुलगा एका कारखान्यात होता. टाळेबंदीत काम गेले आणि तो दारूच्या नादी लागला. आजींनी रोज रात्री आठ वाजता जपमाळ सुरू केली. आम्ही सात-आठ घरची माणसे जाऊ लागलो. शेवटी आजी एक एक नाव घेऊन प्रार्थना करीत. पहिले नाव मुलाचे. दीड-दोन महिने झाले. मुलगा होता तसाच. एके दिवशी आम्हांस दुसरी पाळी लागली, एकाच्या घरी पाहुणे आले, एकाने म्हटले की ईश्वरेच्छा दिसत नाही. आम्ही सर्वांनी जाणे सोडले. ईश्वरेच्छा हा शब्द आळसाला फार उपयोगी पडतो. आजी एकट्या बसत राहिल्या.

नऊ वर्षांनी त्या मुलाने दारू सोडली. एकदम नव्हे, सोडली, धरली, पुन्हा सोडली. पुढे एकदा आम्ही त्याला विचारले की, हे कसे झाले? आम्हांस वाटले, एखादे स्वप्न, एखादा चमत्कार सांगेल. तो म्हणाला, "तसं काही नाही हो. रोज रात्री दाराबाहेर चपला काढताना आत माझं नाव ऐकू यायचं. शिव्या दिल्या असत्या तर मी परत गेलो असतो. ती फक्त नाव घ्यायची." आणि मग थोडा थांबून म्हणाला, "तुमचंही घ्यायची. तुम्ही यायचं बंद केल्यापासून."

त्या दिवशी आम्ही त्याच्यासमोर काही बोलू शकलो नाही.

आज रावेतमध्ये चाळी फारशा राहिल्या नाहीत. उंच इमारती झाल्या आहेत, आणि वसईचे, नगरचे, गोव्याचे, केरळचे, तामिळनाडूचे कॅथलिक एकाच जिन्याने चढतात व एकमेकांस ओळखत नाहीत. परगावी पोटासाठी आलेल्यांची ही स्थिती नवी नाही. पुण्यात 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर पहिले कॅथलिक देऊळ उभे राहिले, तेही पेशव्यांच्या फौजेत चाकरीस आलेल्या परमुलखातील ख्रिस्ती सैनिकांसाठीच. त्यांनाही चाकरीच्या वेळा सांभाळाव्या लागल्या असतील. आपल्याला पाळ्या सांभाळाव्या लागतात. सायंकाळी सात वाजता सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, असे आम्ही येथून सांगितले तर आपण माना डोलवाल आणि घरी जाऊन घड्याळाकडे पाहाल. ज्या घरी बाप रात्रपाळीस, आई दवाखान्यात ड्यूटीवर आणि मुलगा चाकणच्या बसमध्ये, त्या घरी सात वाजता बसावयाचे कोणी?

म्हणून धर्मग्रामगुरूंच्या अनुमतीने एक लहानशी योजना ठरली आहे. येत्या पेन्टेकॉस्टपूर्वीचे नऊ दिवस येथे तीन वेळा प्रार्थना होईल. पहाटे पावणेपाचला, कारण पहिल्या पाळीच्या गाड्या साडेपाचपासून सुटू लागतात. दुपारी साडेचारला, ती पाळी सुटल्यावर. आणि रात्री दहाला. प्रत्येक वेळी अर्धा तासच. नऊ दिवसांनंतर काय घडले नाही हे पाहून आपण पुन्हा बसू, आणि तसे वर्षभर बसू. बोलण्यासाठी कोणी वक्ता बोलाविलेला नाही. एक वही ठेवली आहे. तिच्यात ज्यांच्यासाठी प्रार्थना हवी त्यांची नावे लिहावीत. कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. जो येईल त्याने एक पान घ्यावे आणि त्या पानावरची नावे मोठ्याने वाचावीत. येणे सोडलेल्यांची नावे शेवटच्या पानावर लिहावीत आणि ते पानही वाचावे.

वही मागच्या दाराजवळच्या मेजावर आहे. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे, कारण आपल्या धर्मग्रामात पेन्सिली फार हरवतात.